पार्सरची हळद

आधी चहा घ्या. जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा इंजिनियर म्हणाल, असं काही मला वाटत नाही. आमची आईसुद्धा हल्ली नातेवाइकांत 'सिद्धार्थ कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो' एवढंच म्हणते आणि विषय बदलते.

तर, मी भिवंडीजवळ मानकोलीला एका गोदामात नोकरी करतो. गोदाम म्हणजे पोत्यांची थप्पी डोळ्यांसमोर आणू नका. आत पार्सलं वाहून नेणारा लांबलचक पट्टा आहे, सायरन आहे, गेटवर आपोआप वर-खाली होणारा दांडा आहे, लेबल छापणारं मशीन आहे, दिवे आहेत. ह्या पाचही गोष्टींचे पाच प्रोग्राम. प्रत्येकाची एक सेटिंगची फाइल. पट्ट्याच्या फाइलीत लिहायचं की नाशिकचा माल पाच नंबरच्या लेनला, सायरनच्या फाइलीत लिहायचं की जेवणाची सुट्टी एक वाजता. मशीन सकाळी उठून आपापली फाइल वाचते आणि दिवसभर तसं वागते. एवढं सोपं!

पण ही पाच मशीनं पाच वेगवेगळ्या लोकांनी केलेली. एकाला सेटिंगमध्ये बरोबरचं चिन्ह लागायचं, दुसऱ्याला दोन टिंबं. सायरनला मध्ये रिकामी ओळ दिसली की तो रुसून बसायचा. गेटला रिकामी ओळ नसली की तो रुसायचा. मला सांगा, असं कोणी घर चालवतं का?

आमच्याकडे चालवायचे. काळूराम काका चालवायचे.

काका जवळच्याच शेलार गावचे. आधी अर्धं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मुकादम, मग आमच्याकडे सुपरवायझर. इंजिनियर नव्हेत. कधीकाळी कुणा साहेबाने त्यांना फाइल उघडायला शिकवली, आणि तेव्हापासून पाचही मशीनांचे रुसवेफुगवे ह्या माणसाने तोंडपाठ केले. चष्मा कपाळावर, दोन बोटांनी टाइप करणार, आणि मशीन निमूट ऐकणार. त्यामुळे झालं काय, की काका सुट्टी घेऊ शकत नसत. कधी घेतलीच, तर दुपारपर्यंत फोन जाऊन ते परत यायचे. सासऱ्यांच्या बाराव्याच्या पंगतीतून उठून आले होते एकदा, हाताला वरणाचा वास घेऊन.

आणि आता त्यांच्या प्रणालीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी. दोन महिन्यांनी, शनिवारी हळद, रविवारी लग्न. काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सिद्धू बाला, शनिवारी फोन येल काय रं? पोरीला हळद लावताना मधीच उठलो तं ती जलमभर बोलंल."

असं म्हणून ते हसले. पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही. माणूस स्वतःच्या पोरीच्या हळदीला बसायची परवानगी मागतोय, आणि कुणाकडे? तर पाच मशीनांकडे!

मी छाती पुढे काढून म्हणालो, "काका, तुम्ही शुक्रवारपासून सुट्टी घ्या. फोन येणार नाही. माझा शब्द."

इथे माझी साडेसाती सुरू झाली.

मी ठरवलं की पाच मशीनांनी पाच तऱ्हांनी फाइल वाचायची गरजच काय? फाइल वाचणारा एकच प्रोग्राम करू. त्याला आमच्या धंद्यात पार्सर म्हणतात. पार्सर फाइल वाचणार, त्यातलं काय काय ते समजून घेणार आणि ज्या त्या मशीनला सांगणार. लिहायची पद्धत सगळीकडे एक. मग काका नसले तरी कोणीही सेटिंग बदलू शकेल. सहा आठवडे राबलो. बरोबरचं चिन्ह चालेल, दोन टिंबं चालतील, रिकामी ओळ असो नसो, माझा पार्सर रुसणार नाही. इतका समंजस प्रोग्राम मी आयुष्यात लिहिला नव्हता. त्याच्याकडे बघून मला वाटायचं, ह्याला स्थळं यायला हरकत नाही.

एक बारकासा प्रश्न वाटेत आला होता. एकच सेटिंग फाइलीत दोनदा लिहिलेलं सापडलं, तर कुठलं धरायचं? मी क्षणभर विचार केला. क्षणभरच हं. वरून खाली वाचत यायचं, जे सगळ्यात शेवटी सापडेल ते खरं. माणूस नवीन गोष्ट खालीच लिहितो ना? वहीत आपण खालीच लिहीत जातो. झालं, ठरलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. चहा प्यायलो आणि पुढे गेलो.

तपासणी केली का? केली की! मी स्वतः नव्या कोऱ्या फाइली बनवल्या, नीटनेटक्या, आणि त्यावर पार्सर चालवून पाहिला. शंभर टक्के पास. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच पहिलं यायचं, ह्यासारखं सुख नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाचही मशीनांवर पार्सर बसवला, आणि त्याला वाचायला काकांच्या जुन्या फाइली जशाच्या तशा दिल्या. आणि ऐका, घरी निघण्याआधी मी जुने पाचही प्रोग्राम पुसून टाकले. का? तर जागा मोकळी व्हावी म्हणून. कुणी मागितली होती ती जागा? कुणीही नाही.

शनिवार. सकाळी आठ वाजता मॅनेजर त्रिपाठी साहेबांसमोर मी बटण दाबलं. दिवे लागले. मी टाळ्या वाजवल्या. पट्टा सुरू झाला. मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पहिली खबर कॅन्टीनमधून आली. दोन नंबरची लेन आम्ही केव्हाच बंद केली होती आणि तिच्या तोंडाशी कॅन्टीनचा दरवाजा काढला होता. आता नाशिकची पार्सलं पाच नंबरला जायच्याऐवजी दोन नंबरला येत होती. कांदेपोह्यांच्या रांगेत एक गादी येऊन पडली. मागून प्रेशर कुकर. मागून आणखी एक गादी. पोरं पोहे घेऊन गादीवर बसली सुद्धा!

सव्वानऊला जेवणाचा सायरन झाला. सव्वानऊला! आमच्याकडे घड्याळावर कोणाचा विश्वास नाही, सायरनवर आहे. पाचशे माणसं हातातलं काम टाकून निघाली. मी मधे आडवा झालो. "अरे, आत्ताच आलात ना? नाश्त्याचे पोहे अजून हातात आहेत!"

"सायरन झाला ना दादा," एक जण म्हणाला, "मग झालं."

लेबलच्या काउंटरवर शबाना आपा बसतात. त्यांनी मला हाक मारली आणि एक ताजं छापलेलं लेबल माझ्या हातात ठेवलं. पत्त्याच्या खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा'.

"मे महिना चल रहा है ना सिद्धार्थ भाई?"

"हो आपा."

"नहीं, मैंने सोचा एक बार पूछ लूँ. फराळ वगैरा कुछ बनाना है क्या?"

आणि गेट! गेटचा दांडा वर जायचा आणि चार सेकंदांत खाली यायचा. छोटा टेम्पो निघेल एवढाच वेळ. आमच्याकडे आता चाळीस फुटी कंटेनर येतात. प्रत्येक कंटेनरच्या पाठीत दांडा एकेक टपली मारत होता. ड्रायव्हर खाली उतरून हिंदीत, पंजाबीत आणि आणखी एका भाषेत, जी मला कळली नाही पण आशय कळला, बोलत होते. साडेदहापर्यंत कंटेनरची रांग मानकोली नाक्याकडे सरकायला लागली.

मी पट्ट्याची फाइल उघडली. पहिल्याच ओळीत काय लिहिलं होतं? नाशिक, लेन पाच. बरोबर! सायरनची उघडली. जेवण, एक वाजता. बरोबर! फाइल सांगते पाच, मशीन म्हणते दोन. आता ह्याला काय म्हणायचं? मी त्या पहिल्या ओळीत पाचच्या जागी सहा केलं. तरी दोन. सात केलं. तरी दोनच! परत पाच केलं आणि मशीन बंद करून चालू केलं, तीनदा.

मग मला संशयाने पछाडलं. व्हायरस आला असणार. नाहीतर कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर गुपचूप जुनी सेटिंगं पाठवत असणार. मी गेलो आणि त्याची वायर उपटली. तो हजेरीचा कॉम्प्युटर होता. आता पाचशे माणसं सव्वानऊला जेवायला गेली होती, आणि शिवाय कागदोपत्री कामावर आलेलीच नव्हती.

फाइलीत खाली आणखी दोनेकशे ओळी होत्या. तुम्ही विचाराल, त्या पाहिल्या नाहीस का? पाहिल्या हो! पण वरची ओळ बरोबर दिसत असताना खाली कशाला खोदायचं? काकांच्या जुन्या नोंदी असतील म्हणून मी त्यांच्यावरून नजर फिरवून परत वर आलो. सहा आठवडेही मी हेच करत होतो.

अकरा वाजता त्रिपाठी साहेब आले. शांत माणूस, पण त्यांचा उजवा कान लाल झाला की समजायचं. दोन्ही कान लाल होते.

"पुराना सिस्टम वापस लगा दो."

"सर, ते पुसलं."

"क्यों?"

"जागा मोकळी व्हावी म्हणून, सर."

"काळूराम को बुलाओ."

"सर, आज त्यांच्या मुलीची हळद आहे. मी शब्द दिलाय त्यांना."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "एक बजे तक. नहीं हुआ, तो मैं शेलार गाडी भेज रहा हूँ."

नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. पण प्रणालीच्या अंगावर हळद चढतेय आणि दारात गोदामाची गाडी येऊन उभी राहिलीय, हे चित्र मला बघवेना. पार्सर लिहिला होता तोच मुळी त्यासाठी की ही गाडी जाऊ नये! फोन करावा, तर तोही शब्द मोडल्यासारखाच. मग मला एक अफलातून युक्ती सुचली. आपण पाहुणे म्हणून जायचं. आमंत्रण होतंच. सहज गप्पा मारता मारता काकांकडून काय ते काढून घ्यायचं. त्यांना कळणारही नाही.

लॅपटॉप आहेराच्या पिशवीत घातला, वर एक साडीचं खोकं ठेवलं, आणि बाइकला किक मारली. जाताना रांगेतल्या सगळ्या कंटेनरवाल्यांनी मला ओळखलं.

शेलारला मांडवात पाय ठेवला तर काय थाट! डीजे संध्याकाळी येणार होता, दुपारी घरचीच हळद चालली होती. बायका गाणी म्हणत होत्या. प्रणाली पाटावर, चेहरा पिवळाधमक, आणि शेजारी काका. त्यांना तर वहिन्यांनी कपाळापासून कोपरापर्यंत रंगवलं होतं. चष्म्याच्या काचाही सुटल्या नव्हत्या. त्या माणसाला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

"आला रं माझा इंजनेर!" काका ओरडले. "बस बस. लावा गो ह्याला पन!"

मी नको नको म्हणेपर्यंत दोन मावश्यांनी माझं तोंड सारवलं. तसाच काकांच्या बाजूला टेकलो आणि अगदी सहज सुरुवात केली.

"छान मांडव घातलाय, काका."

"मंग!"

"पाऊस नाही ते बरं."

"हां."

"काका, नाशिकचा माल पाच नंबरलाच जातो ना?"

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आज माझ्या पोरीची हलद हाय आनि तू माना पट्टा इचारतंस?"

"नाही, सहज. आणि जेवणाची सुट्टी सव्वानऊला कधी होती का हो?"

"ती पहाटची शिफ्ट होती तवा. जुनी गोष्ट." काकांनी चष्मा काढला. काचांखालच्या तेवढ्याच दोन गोल जागा हळदीशिवाय राहिल्या होत्या, आणि त्यातून ते माझ्याकडे बघत राहिले. "बाला, काय झाला?"

झालं. मी पोपटासारखा सगळं बोललो. गादी, सायरन, दिवाळी, दांडा, हजेरी, एक वाजताची गाडी. बोलता बोलता आहेराच्या पिशवीतून लॅपटॉपही निघाला. गाणं सोडून बायका लॅपटॉपकडे बघायला लागल्या. काका पाटावरून उठायला लागले. "चल, येतंय मी."

"बाबा!" प्रणाली म्हणाली. एवढंच. तिने वर पाहिलंही नाही. लहानपणापासून तिने हा 'येतंय मी' किती वेळा ऐकला असेल, हे त्या एका शब्दात मला कळलं, आणि मांडवाच्या मातीत स्वतःला पुरून घ्यावंसं वाटलं.

"काका, तुम्ही उठलात तर मी नोकरी सोडीन," मी म्हणालो. "इथेच बसा. फक्त सांगा. फाइलीत वर पाच लिहिलंय, मग मशीन दोन का म्हणते?"

मी लॅपटॉप तांदळाच्या गोणीवर ठेवला. काकांनी पिवळ्या बोटाने फाइल खाली सरकवली. खाली, आणखी खाली. तिथे नाशिक, लेन चार. त्याच्या खाली नाशिक, लेन तीन. अगदी तळाशी नाशिक, लेन दोन.

"ह्ये जुनं हाय सगलं. नवीन आला का मी वर लिवतंय. चालतं ते वरचंच."

"वर? नवीन वर कोण लिहितं काका?"

"लूमवर काय करतात रं?" काका म्हणाले. "लूमच्या सांच्याजवल खिला असतो. शेठकडनं कापडाची चिठ्ठी आली का खिल्याला अडकवायची. दुसरी आली का तिच्यावर. वरची चिठ्ठी चालते. ती रद झाली तं काढायची, खालची हायच तयार. फाडायची न्हाय कवा. आख्खी भिवंडी असंच चालवते."

आता सांगतो ते मनावर दगड ठेवून ऐका. माझे वडील बावीस वर्षं लूमवर होते. त्यांचा डबा मी द्यायचो. मी त्या खिळ्याखाली बसून पाढे पाठ केलेत. वरची चिठ्ठी चालते हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं. आणि तरी कॉलेजात चार वर्षं घालवून मी शिकलो काय, तर माणूस नवीन गोष्ट खालीच लिहितो!

ते जुने प्रोग्राम आळशी होते. वरून वाचायला लागायचे, हवं ते सापडलं की फाइल मिटायचे. म्हणून काकांचं बरोबर चालायचं. माझा पार्सर मेहनती. तो बिचारा तळापर्यंत वाचत जायचा आणि तिथला सगळ्यात जुना गाळ उपसून मशीनला द्यायचा. पाचही मशीनांना मी एकाच झटक्यात दहा वर्षं मागे नेऊन ठेवलं होतं. आधी निदान एकेक मशीन वेगवेगळं चुकलं असतं!

पार्सरमध्ये एक ओळ बदलली. एकदा सापडलं की पुन्हा घ्यायचं नाही. एवढंच! तिथूनच नवा पार्सर गोदामात पाठवला आणि शबाना आपांना फोन लावला.

"आपा, बघा."

"रुको..." पाटावरची प्रणालीसुद्धा फोनकडे बघत होती. "पाँच में गया! दिवाली भी गई लेबल से. गेट भी ऊपर है. बेटी को मेरी दुआ बोलो."

एकला दहा मिनिटं कमी होती. काका पाटावर बसलेलेच होते. मला त्या क्षणी रडू आलं, खोटं कशाला बोलू? हळद डोळ्यांत गेली म्हणून सांगितलं, ते सगळ्यांना पटलं.

आणि काकांनी काय करावं? माझा हात धरून मला उभं केलं आणि आख्ख्या मांडवाला सांगितलं, "ह्या पोरानं माना हलदीला बसवला. बारा वर्सांत पयली सुट्टी पुरी झाली माझी!" बायकांनी पुन्हा गाणं धरलं. मी मान खाली घालून उभा. ज्याने आग लावली त्याचाच बंब आणला म्हणून सत्कार चालला होता. हळदीचं मटण मला दोनदा वाढलं.

आता तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही वाटलं होतं.

सोमवारी मी ठरवलं की हा नियम आता सगळ्यांना कळला पाहिजे, म्हणजे काका कधीही सुट्टीवर जाऊ शकतील. पार्सरच्या नियमांचा माझा कागद होताच. त्यात सगळ्यात वर लिहिलं होतं, 'एकच सेटिंग दोनदा असल्यास खालची ओळ धरावी.' आता ते पुसायचं नाही, हे मी काकांकडून शिकलो होतो. म्हणून पुसलं नाही. कागदाच्या तळाशी नवी दुरुस्ती जोडली, 'खालची नव्हे, वरची ओळ धरावी.' छापला आणि कंट्रोल रूमच्या भिंतीवर चिकटवला. लांब उभं राहून पाहिला. समाधान वाटलं.

बुधवारी काका आले, बुंदीचे लाडू घेऊन. शर्टाच्या खिशातून त्यांनी रजेचा अर्ज काढला. शुक्रवारी सत्यनारायण, लेक-जावई येणार, म्हणून आणखी एक दिवस हवा होता. "आता काय, सगला भिंतीवर लिवलंय म्हनं तू," असं म्हणत त्यांनी चष्मा खाली ओढला आणि कागदाला बोट लावून वाचायला लागले.

"दोनदा असला तं खालची ओल धरावी." बोट खाली गेलं. "खालची नव्हे, वरची धरावी." बोट वर गेलं. "वरची म्हनते, खालची धरावी." बोट खाली आलं. "खालची म्हनते, वरची."

बोट चार वेळा वर-खाली झालं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत हो. उलट फार मायेने पाहिलं. एक लाडू माझ्या हातावर ठेवला, खिशातून निघालेला अर्ज हळूच घडी घालून परत खिशात सारला, आणि म्हणाले, "र्‍हाऊ दे बाला. पूजा आईतवारी ठेवतंय. आईतवारी गोदाम बंद असतं."